पट्टीची कड नीट तासा



धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावी मी नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या काठावर शेत असलेल्या घरातल्या मुलाने लाकडी पट्ट्यांची कयाक बांधायला घेतली. कयाक म्हणजे वरून झाकलेली, अरुंद, एक-दोन माणसांची वल्ह्याची होडी. ती मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. ते लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणीत. आता हौशी लोक ती पातळ पट्ट्यांचीही बांधतात.

मुलाने चौकोनी कडेच्या पट्ट्या तशाच एकमेकींना भिडवल्या. मी फटी दाखवल्या तर म्हणाला, "साहेब, लांबी भरली की झालं." वर नुसता रंग दिला. पहिल्याच दिवशी लांबी सुटली आणि आत पाणी शिरले. गुडघाभर पाण्यात होता, म्हणून हसत बाहेर आला. मध्यावर असता तर?

गावचे सुतारकाका म्हणाले, "पोरा, गाडीच्या चाकाचा घेर सरळ कडांनी जुळतो का? मग होडीचं पोट कसं जुळेल?"

काकांचे म्हणणे खरे आहे. पट्टी साधारण 6 मिलिमीटर जाड आणि 19 मिलिमीटर रुंद असते. सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर उभ्या केलेल्या फर्म्यांवर ती वाकवून बसवतात. जिथे पोट गोल वळते, तिथे दोन पट्ट्या आतल्या कोपऱ्यावर टेकतात आणि बाहेर उघड्या पडतात. दोघींत 10 अंशांचा कोन असला, तर बाहेर सुमारे 1 मिलिमीटर फट राहते. सरस धरतो तो फक्त आतल्या धारेवर.

उपाय सोपा आहे. नव्या पट्टीच्या कडेचा आतला कोपरा छोट्या, धारदार रंध्याने उतरवावा. उतार सगळीकडे सारखा नसतो. मधल्या सपाट भागात तो नाममात्र असतो आणि वळणावर वाढतो. म्हणून प्रत्येक फर्म्यापाशी पट्टी लावून पाहावी, तिथला उतार तासून पेन्सिलीने खूण करावी, मग दोन खुणांमधला भाग हळूहळू मिळवत न्यावा. रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावा. थोडे तासावे, पुन्हा लावून पाहावे. जास्त गेलेले लाकूड परत येत नाही.

लाकूड हलके, बिनगाठीचे आणि वाळलेले घ्यावे. सांगाडा घासून झाल्यावर आतून-बाहेरून काचतंतूचे कापड इपॉक्सीने चिकटवावे. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे.

मुलाने होडी उकलली आणि काकांच्या देखरेखीखाली पुन्हा बांधली. या खेपेला काठाजवळ तासभर तरंगत ठेवून आतून तपासली. थेंबही आला नाही. तरीही आईने अट घातली, "तरंगजाकीट घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही." ही अट आपणही पाळावी.