मुरमातली अंडी आणि गायरानाचा सातबारा

तेलगाव चळवळीच्या माणसाला नवे नाही. बाहेरच्यांना ते साखर कारखान्यामुळे माहीत, आपल्याला मात्र एकनाथ आवाडांमुळे. धारूर तालुक्यातल्या याच गावात त्यांचे ग्रामीण विकास केंद्र उभे राहिले आणि मानवी हक्क अभियानाच्या कार्यकर्त्यांनी इथूनच मराठवाड्यातल्या गायरानांची वाट धरली. जिजा 25 मे 2015 रोजी गेले. गायरानाचा प्रश्न मात्र गेला नाही, आता तो जेसीबीवर बसून आला आहे.

रस्ता रुंद करायचा की मुरूम लागतो, पूल बांधायचा की खडी लागते. मग नजर जाते ती गावाबाहेरच्या माळाकडे. बागायतदाराच्या उसाखालची जमीन कोणी खोदायला मागत नाही. कागदोपत्री 'पडीक' म्हटले की काम सोपे होते. पण माळ पडीक असतो काय? माळटिटवी घरटे बांधत नाही. उघड्या मुरमातच चार अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात, म्हणून वाचतात. खोकड भुसभुशीत मुरमातच बीळ करते. लांडगी पिल्ले घालते ती ओघळीच्या काठच्या ढोलीत. काळविटाला झाडी नको, लांबवर दिसेल असा उघडा माळ हवा. म्हणजे जो मुरूम सरकार ब्रासने मोजते, तेच या जिवांचे घर आहे. वरचा दोन-चार फुटांचा थर खरवडला, खाली कडक खडक उघडा पडला, की तिथे कुसळही उगवत नाही. जंगल तोडले तर खोडे तरी दिसतात, माळ मेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता कायद्याची गंमत पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. पक्ष्याची अंडी फोडणे, घरटे विस्कटणे हीदेखील त्या कायद्याने शिकारच आहे. पारध्याच्या पालात फासे सापडले की तो आत जातो. ज्या यंत्राने एका दुपारी माळावरची सगळी घरटी भरडली, त्याच्या मालकाला विचारतात ते फक्त रॉयल्टी भरली का एवढेच. फासेवाल्याचा गुन्हा होतो, जेसीबीवाल्याचा महसूल!

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल, माणसाला जमीन मिळेना आणि हा हरणांचे घेऊन बसला. प्रश्न रास्त आहे. हरणांचा कळप रात्रीत कोवळे पीक फस्त करतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या गायरानधारकाने भरपाई कोणत्या कागदावर मागायची? शिवाय 'पर्यावरण' हा शब्द आपल्याला हुसकावण्यासाठीही वापरला गेला आहे. म्हणून जपूनच बोलले पाहिजे. पण गायरान कसणारा जमीन नांगरतो, बांधाला गवत ठेवतो, शेळ्या चारतो. टिटवी शेजारी नांदते. खाणीनंतर ना ज्वारी राहते ना टिटवी.

ही जमीन फुकट मिळालेली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 साली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तोही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद ठेवून. तरी ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटवायला सांगितले, तेव्हा गोरगरिबांच्या झोपा उडाल्या. कसणारा तो अतिक्रमक, खोदणारा तो विकासक, हा कुठला न्याय?

खाणवाल्यांनाही कायदा आहे, तो आपण वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितले की पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. 2020 साली केंद्राने रस्त्यासारख्या कामांसाठीच्या साध्या मातीच्या उत्खननाला यातून सूट दिली होती, ती 21 मार्च 2024 रोजी न्यायालयाने रद्द केली. विनापरवाना उपसा केला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

तेव्हा तेलगावच्या शिवारात असो वा डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही गावात, खाणीचा प्रस्ताव आला की कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत गट नंबर विचारावा. त्या गटावर कोण कसतो, केव्हापासून कसतो, याचा पंचनामा आधी मागावा. पर्यावरण मंजुरीची प्रत मागावी. आणि वन खात्याने जागेची पाहणी उन्हाळ्यात करावी असा ठराव लिहून घ्यावा, कारण टिटवी अंडी घालते ती उन्हाळ्यात आणि साहेब जागा पाहायला येतात ते पावसाळ्यानंतर.