चिकुनगुन्या विषाणू : प्राण्यांवरील प्रयोग व प्रयोगशाळेतील सुरक्षितता

चिकुनगुन्या विषाणू हा आल्फाव्हायरस प्रजातीतील आरएनए विषाणू होय. एडिस इजिप्ती व एडिस अल्बोपिक्टस या डासांच्या मादीच्या चाव्यातून तो माणसाच्या शरीरात शिरतो. ताप व तीव्र सांधेदुखी ही या रोगाची मुख्य लक्षणे आहेत. १९५२-५३ मध्ये टांगानिका (आजचा टांझानिया) येथील साथीत त्याचा शोध लागला. भारतात १९६३ साली कोलकात्यात, तर महाराष्ट्रात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या रोगाची साथ आली.

प्राण्यांची संवेदनक्षमता

प्राण्याच्या शरीरात विषाणू वाढतो काय आणि वाढल्यास आजार दिसतो काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उंदराची नवजात पिल्ले या विषाणूला सहज बळी पडतात. म्हणून रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यासाठी पूर्वी त्यांचा वापर होत असे. निरोगी प्रौढ उंदीर मात्र सहसा दगावत नाही. तळपायात विषाणू टोचल्यास पायाला सूज येते. इंटरफेरॉनला प्रतिसाद न देणारे उंदीर प्रौढ वयातही मरतात. यावरून इंटरफेरॉनचे संरक्षक कार्य स्पष्ट होते. मॅकाक माकडांत रक्तातील विषाणू नाहीसा झाल्यानंतरही तो ऊतींत आढळला आहे. तात्पर्य, सुदृढ दिसणारा प्राणी विषाणूमुक्त असतोच असे नाही.

प्रयोगशाळेतील सुरक्षितता

निसर्गात हा विषाणू डासामार्फत पसरत असला, तरी प्रयोगशाळेत धोक्याचे मार्ग निराळे असतात. सुई टोचणे, प्राण्याचा चावा, उडालेले तुषार किंवा निसटलेला बाधित डास यांमुळे कर्मचाऱ्यास संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिवंत विषाणूवरील काम जैवसुरक्षा पातळी ३ च्या प्रयोगशाळेत करावयाचे असते. नमुने जैवसुरक्षा कपाटात उघडणे, सेंट्रिफ्यूजमध्ये झाकणबंद पात्रे वापरणे, वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण न बसविणे आणि कचरा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे आवश्यक असते. बाधित डास मोजून, दुहेरी दारांच्या बंदिस्त खोलीत ठेवतात.

पुण्यातील कार्य व पर्यायी पद्धती

१९५२ साली पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. तेथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून पेशीसंवर्धन तयार केले. अशा पेशींत चिकुनगुन्या विषाणू वाढत असल्याने प्राण्यांची गरज पुष्कळ कमी झाली. तथापि लस व औषधांची परीक्षा केवळ पेशींवर पूर्ण होत नाही. भारतात प्राण्यांवरील प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील नियमांनुसार करावे लागतात. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीची पूर्वपरवानगी आवश्यक असते.