ट्रॅक्टरच्या इंजिनातील कूलंट : केव्हा व कसे बदलावे?

नांगरट, रोटाव्हेटर, मळणी आणि ऊस वाहतूक अशा कामांत ट्रॅक्टरचे इंजिन तासन्‌तास भाराखाली चालते. बहुतेक शेतकरी इंजिन ऑइल वेळेवर बदलतात आणि एअर क्लीनरही साफ ठेवतात. रेडिएटरच्या बाबतीत मात्र ‘पाणी कमी झाले की भरायचे’ एवढीच निगा राखली जाते. ही निगा अपुरी आहे. रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसला तरी त्यातील कूलंट निकामी झालेले असू शकते. ते वेळेवर न बदलल्यास हेड गॅस्केट जळणे, लायनरला छिद्रे पडणे, पिस्टन जाम होणे असे नुकसान होते व ऐन हंगामात इंजिनचे काम काढावे लागते.

कूलंटचे कार्य

डिझेलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारणपणे एक तृतीयांश उष्णतेचेच प्रत्यक्ष कामात रूपांतर होते. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग शीतकरण यंत्रणेला बाहेर टाकावा लागतो. वॉटर पंप कूलंटला इंजिनच्या ब्लॉक व हेडमधून फिरवतो. इंजिन पुरेसे गरम झाले की थर्मोस्टॅट उघडतो, गरम कूलंट रेडिएटरमध्ये येते आणि पंख्याच्या हवेने थंड होऊन परत इंजिनात जाते.

कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण होय. थंड प्रदेशात ते पाणी गोठू नये म्हणून वापरतात. त्यामुळे ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. आपल्या हवामानात त्याचे पुढील उपयोग अधिक महत्त्वाचे आहेत.

१) उकळबिंदू वाढतो : साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असलेले मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आतील दाब वाढून ही मर्यादा आणखी वर जाते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात ४२ ते ४५ अंश तापमानात मशागत करताना हा फरक मोलाचा ठरतो.

२) गंज थांबतो : यंत्रणेत बीड, पोलाद, ॲल्युमिनिअम, तांबे असे वेगवेगळे धातू असतात. साध्या पाण्यात ते गंजतात. गंजरोधक रसायने धातूवर संरक्षक थर तयार करतात.

३) लायनरचे रक्षण होते : अनेक डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरील बाजूस थेट कूलंट लागते. प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्याने लायनर सूक्ष्म कंप पावतो, लगतच्या द्रवात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूचे कण निघत जातात. कालांतराने लायनरला सुईने टोचल्यासारखी छिद्रे पडतात व पाणी ऑइलमध्ये उतरते. डिझेल इंजिनासाठीच्या कूलंटमधील रसायने ही झीज रोखतात.

ही रसायने वापराने हळूहळू संपतात. ग्लायकॉल मात्र तसेच राहते. म्हणून कूलंटची पातळी व गोडसर वास कायम असला तरी त्याची संरक्षक शक्ती संपलेली असू शकते. हायड्रोमीटरने ग्लायकॉलचे प्रमाण कळते, रसायने शिल्लक आहेत की नाहीत हे कळत नाही. यासाठी कूलंट मुदतीनेच बदलावे.

विहिरीचे पाणी का नको?

महाराष्ट्रातील बऱ्याच विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांचे प्रमाण फारच जास्त आहे. असे पाणी गरम झाले की चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर हेडच्या पोकळीत व रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. या थरातून उष्णता सहज जात नाही. रेडिएटर बाहेरून थंड लागतो आणि इंजिन मात्र आतून तापते. यासाठी बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

कूलंट केव्हा बदलावे?

ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले तास व वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते प्रमाण मानावे. पुस्तिका उपलब्ध नसल्यास साधे कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे. दीर्घ मुदतीच्या कूलंटची मुदत डब्यावर छापलेली असते. पुढील लक्षणे दिसल्यास मुदतीची वाट पाहू नये.

• कूलंटचा रंग तांबूस, तपकिरी किंवा गढूळ होणे.
• झाकणाच्या आत गंज, चिखलासारखा गाळ किंवा पांढरा थर दिसणे.
• नेहमीच्याच भाराला तापमानाचा काटा वर जाणे.
• वारंवार साधे पाणी भरून मिश्रण पातळ झालेले असणे.

कूलंटवर तेलाचा तवंग दिसल्यास किंवा डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ झाल्यास केवळ कूलंट बदलून भागत नाही. हेड गॅस्केट, लायनरची सील किंवा ऑइल कूलर यांत बिघाड असण्याची शक्यता असते. अशा वेळी इंजिन न चालवता मेकॅनिकला दाखवावे.

बदलण्याची पद्धत

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सकाळी काम सुरू करण्यापूर्वीची वेळ उत्तम.

२) झाकणावर जाड कापड ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. दाब गेल्याची खात्री झाल्यावरच पूर्ण काढावे.

३) खाली घमेले ठेवून रेडिएटरचा तळाचा कॉक उघडावा. इंजिन ब्लॉकवरही ड्रेन प्लग असतो, तोही उघडावा. हा प्लग न उघडल्यास बरेचसे जुने कूलंट आतच राहते. बाजूची टाकी असल्यास तीही रिकामी करून धुवावी.

४) दोन्ही प्लग बंद करून स्वच्छ पाणी भरावे. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. इंजिन बंद करून थंड झाल्यावर पाणी सोडावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत असे दोन-तीन वेळा करून शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. क्षारांचा थर जाड असल्यास रेडिएटर फ्लश हे तयार रसायन डब्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने ॲल्युमिनिअमचे भाग खाल्ले जातात.

५) होज पाइप दाबून पाहावेत. फुगलेले, तडकलेले किंवा मऊ पडलेले पाइप व गंजलेल्या क्लिपा बदलाव्यात. फॅन बेल्टचा ताण तपासावा. झाकणाचे रबर कडक झाले असल्यास तेवढ्याच दाबाचे नवीन झाकण बसवावे.

६) रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व पाचट पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने हवा किंवा पाणी मारून काढावे.

७) कूलंट तयार मिश्रण असल्यास त्यात पाणी घालू नये. या पद्धतीत ब्लॉकमध्ये धुण्याचे थोडे पाणी शिल्लक राहिल्यास मिश्रण किंचित पातळ होते, म्हणून ते नीट निथळू द्यावे. मूळ अर्क असल्यास आधी यंत्रणेच्या क्षमतेच्या निम्मा अर्क ओतावा व उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. उदाहरणार्थ, १० लिटर क्षमता असल्यास ५ लिटर अर्क. यामुळे ब्लॉकमध्ये राहिलेल्या पाण्याने प्रमाण बिघडत नाही.

८) कूलंट सावकाश ओतावे म्हणजे हवा अडकत नाही. झाकण उघडे ठेवून इंजिन कमी गतीवर चालवावे. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी खाली जाते, तेवढी भर घालून झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी.

कूलंट खरेदी करताना

कूलंटचा रंग ही ओळखीची खात्रीशीर खूण नाही. हिरवे, लाल, निळे हे रंग उत्पादक आपापल्या पद्धतीने देतात. डब्यावरील आयएस ५७५९ हे मानक आणि माहितीपुस्तिकेतील शिफारस पाहावी. दोन प्रकारची कूलंट एकत्र मिसळू नयेत.

घ्यावयाची काळजी

गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली १०० अंशांपेक्षा अधिक तापलेला असतो. झाकण उघडताच त्याची वाफ होऊन उसळी येते आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. तसेच तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी आहे. लहान मुले, कुत्री व जनावरे ते पिण्याची शक्यता असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ उघडे ठेवू नये. विहीर, ओढा किंवा पाटात सोडू नये. ते झाकणबंद कॅनमध्ये भरून, त्यावर ‘विषारी’ असे लिहून विल्हेवाटीसाठी सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकास बोलवावे.

निगेचे वेळापत्रक

• दररोज : थंड इंजिनात कूलंटची पातळी व जमिनीवर गळती पाहणे.
• दर आठवड्यास, मळणी व ऊस हंगामात दररोज : रेडिएटरची जाळी साफ करणे.
• हंगामापूर्वी : होज पाइप, क्लिपा, फॅन बेल्ट व झाकण तपासणे.
• मुदतीनुसार : यंत्रणा धुऊन संपूर्ण कूलंट बदलणे.

कूलंट बदलल्याची तारीख, अवर मीटरचा आकडा आणि कूलंटचा प्रकार टूल बॉक्सच्या झाकणाच्या आत रंगाने लिहून ठेवावा. ट्रॅक्टर चालविणारी व्यक्ती बदलली तरी ही नोंद उपयोगी पडते. हीच पद्धत जीप, पिकअप व मोटारीलाही लागू पडते. काही लिटर कूलंट व अर्ध्या दिवसाचे काम एवढ्याने इंजिनच्या दुरुस्तीचा मोठा खर्च व हंगामातील खोळंबा टाळता येतो. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामापूर्वी आपल्या ट्रॅक्टरचे कूलंट शेवटचे केव्हा बदलले होते याची नोंद जरूर तपासावी. नोंद सापडत नसल्यास मुदत संपली असे समजून ते बदलून घ्यावे.