विश्लेषण : क्योटोच्या गिऑनमधील गल्ल्यांत पर्यटकांना ‘प्रवेश बंद’ का?

जपानच्या सहलीत क्योटो असतेच आणि क्योटोत गेलेला पर्यटक गिऑनमध्ये एक फेरफटका मारतोच. लाकडी घरे, कागदी कंदील, किमोनो घातलेल्या कलावंत स्त्रिया असे या वस्तीचे चित्र समाजमाध्यमांमुळे घरोघरी पोहोचले आहे. मात्र २०२४ मध्ये इथल्या काही अरुंद गल्ल्या पर्यटकांसाठी बंद झाल्या. असे का झाले आणि आता तिथे कसे फिरावे?

गिऑन नावाचे मूळ भारतात?

होय. श्रावस्तीच्या ज्या जेतवन विहारात गौतम बुद्धांनी अनेक वर्षावास केले, त्याचे जपानी नाव ‘गिऑन शोजा’. इथल्या देवस्थानातील देव जेतवनाचा रक्षक मानला जाई, म्हणून देवस्थान आणि भोवतालची वस्ती ‘गिऑन’ झाली. १८६८ मध्ये देवस्थानाला ‘यासाका’ हे नाव मिळाले. वस्तीने जुनेच नाव ठेवले.

पायी फेरीचा मार्ग कोणता?

यासाकाच्या पश्चिम दरवाजातून निघाले की समोर शिजो हा हमरस्ता लागतो. काही मिनिटे चालल्यावर डावीकडे हानामिकोजी रस्ता येतो. कोपऱ्यावरची लाल भिंतीची वास्तू म्हणजे ‘इचिरिकी’ हे प्रसिद्ध चहागृह. रस्त्याच्या दक्षिण टोकाला १२०२ मध्ये स्थापन झालेले केन्निन-जी हे झेन मंदिर आहे. परत फिरून शिजो ओलांडला की उत्तरेला शिराकावा ओढा, त्याच्या काठची झाडे आणि चिमुकला तात्सुमी पूल दिसतो.

घरांचे वैशिष्ट्य काय?

या लाकडी घरांना ‘माचिया’ म्हणतात. दर्शनी बाजू अरुंद, पण घर आत लांबच लांब. म्हणून त्याला ‘वाम माशाचे अंथरूण’ असे गमतीने म्हणतात. दर्शनी लाकडी जाळीतून आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतले फारसे दिसत नाही. उजेड-वाऱ्यासाठी आत छोटी बाग असते. आपल्या वाड्यातील चौकाचे काम ती करते. १९७५ च्या कायदादुरुस्तीने जपानमध्ये एकेक वास्तूऐवजी सबंध वस्ती जपण्याची सोय झाली. त्यानुसार १९७६ मध्ये गिऑनच्या शिनबाशी भागाला संरक्षण मिळाले.

मग वाद कशाचा?

घरे कायद्याने जपता आली, पण तिथले रोजचे जगणे जपणे अवघड ठरले. गिऑन हा देखावा नाही. क्योटोत गेइशांना ‘गेइको’ आणि शिकाऊ मुलींना ‘माइको’ म्हणतात. संध्याकाळी त्या चहागृहांतील कार्यक्रमांसाठी पायी निघतात. ती त्यांची कामावर जाण्याची वेळ असते. त्याच वेळी त्यांची वाट अडवणे, पाठलाग करून छायाचित्रे काढणे, किमोनो ओढणे असे प्रकार वाढले. २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणास मनाई झाली. तरीही त्रास थांबेना, तेव्हा २०२४ मध्ये स्थानिक परिषदेने तिथे पर्यटकांना प्रवेशच बंद केला. फलकांवर १० हजार येन दंडाचा इशारा आहे. त्याच वर्षी जपानमध्ये सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे आले, यावरून गर्दीची कल्पना यावी.

संपूर्ण गिऑन बंद आहे का?

नाही. हानामिकोजी हा सार्वजनिक रस्ता असून तो खुला आहे. शिराकावाचा काठ आणि यासाकाही खुले आहेत. बंदी आहे ती हानामिकोजीला फुटणाऱ्या, रहिवाशांच्या मालकीच्या बोळांना.

फिरताना काय लक्षात ठेवावे?

फलक दिसला की मागे फिरावे. कुणाच्या दारात उभे राहू नये, लाकडी जाळीला टेकू नये. माइको दिसल्यास वाट द्यावी. थांबवून ‘एक सेल्फी’ मागू नये. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर जावे. नृत्यच पाहायचे असेल तर १८७२ पासूनची परंपरा असलेला ‘मियाको ओदोरी’ हा कार्यक्रम दर एप्रिलमध्ये होतो. तिकीट काढून तो निवांत पाहता येतो. या कलावंतांना गल्लीत गाठण्यापेक्षा रंगमंचावर पाहणे त्यांच्याही सोयीचे आणि आपल्याही.