मोटार का भरकटते?

हँडल न धरता, नुसती सीट धरून सायकल पुढे ढकला. पुढचे चाक सरळ राहते. आता तीच मागे ओढा. हँडल लगेच वळते. असे का?

चिमट्याचा तिरका अक्ष खाली वाढवला, तर तो चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे जमिनीला मिळतो. म्हणून पुढे जाताना चाक अक्षामागे ओढले जाऊन सरळ होते. मोटारीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्षही काही अंश मागे कललेला असतो. हा 'कॅस्टर' कोन फार कमी झाला, की मोटार भरकटू लागते.

पुढची दोन्ही चाके जवळजवळ समांतरही हवीत. नसतील तर टायर घासत चालतात. उभ्या मोटारीच्या टायरवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर हाच दोष असण्याचा संभव आहे.

मात्र कोन जुळवण्याआधी टायरमधील हवा आणि स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. सांधा सैल असेल, तर जुळवलेला कोन रस्त्यावर टिकणार कसा? ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तेवढ्यात समोरून वाहन आले तर?