घड्याळ कोणाचे, सकाळ कोणाची?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ट्वीड हेड्स आणि कूलंगट्टा ही जुळी गावे आहेत. रस्ता ओलांडला की गाव बदलते, इतके ती एकमेकांना लागून आहेत. परंतु पहिले गाव न्यू साऊथ वेल्स राज्यात आहे व दुसरे क्वीन्सलँडमध्ये. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत त्यांच्या घड्याळांत एका तासाचा फरक असतो. ३१ डिसेंबरच्या रात्री एका गावात नववर्षाचे स्वागत करून, रमतगमत पलीकडे जाऊन, तासाभराने तेच स्वागत पुन्हा करता येते. पाहुण्यांना ही मौज वाटते. मात्र ज्याचे घर एका बाजूला आणि नोकरी दुसऱ्या बाजूला, त्याला सहा महिने प्रत्येक भेट ठरवताना ‘कोणत्या घड्याळाने?’ असे विचारावे लागते.

उन्हाळ्यात दिवस मोठा होतो. पहाटेचा उजेड लोक झोपेत असताना वाया जातो. तेव्हा घड्याळ एक तास पुढे करून तो उजेड संध्याकाळच्या पदरात टाकावा, ही या ‘उन्हाळी वेळे’मागील कल्पना. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीने ती अमलात आणली आणि पाठोपाठ इतर देशांनी तिचा स्वीकार केला. ऑस्ट्रेलियातही दोन्ही महायुद्धांच्या काळात ती काही दिवस चालली. पुढे १९६७ साली टास्मानियात दुष्काळ पडला, जलविद्युत अपुरी पडू लागली, तेव्हा त्या राज्याने ती पुन्हा सुरू केली. १९७१ साली आग्नेयेकडील राज्ये तिच्यात सामील झाली. क्वीन्सलँडने मात्र एका उन्हाळ्याच्या अनुभवानंतर तिला रजा दिली.

या नकाराची दक्षिणेत बरीच थट्टा झाली. तासभर अधिक ऊन लागून खिडक्यांचे पडदे विटतील, अशी म्हणे उत्तरेकडील लोकांना भीती वाटते! थट्टा बाजूला ठेवून नकाशा पाहिला, तर नकाराचे कारण कळते. विषुववृत्तापासून दूर असलेल्या मेलबर्नमध्ये डिसेंबरातला सर्वांत मोठा दिवस सुमारे पावणेपंधरा तासांचा असतो. त्यातला एक तास इकडून तिकडे सरकवण्यात अर्थ आहे. पण क्वीन्सलँडच्या उत्तरेतील केर्न्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ तितकेच दूर आहे, जितकी आपली सांगली उत्तरेला. तेथला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांहून फारसा अधिक नसतो. सांगलीकराला कोणी सांगितले, की उन्हाळ्यात सूर्य तासभर उशिरा मावळू दे, तर तो हात जोडेल. उष्ण प्रदेशातील माणूस संध्याकाळची वाट पाहत असतो. ती लांबवणे ही त्याच्यावर कृपा नव्हे.

शिवाय हे राज्य पूर्व-पश्चिमही इतके पसरले आहे, की त्याच्या दोन टोकांच्या सूर्योदयांत सुमारे तासाचे अंतर पडते. राजधानी ब्रिस्बेन पूर्व किनाऱ्यावर आहे. तेथे डिसेंबरात पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तो तास संध्याकाळी मिळावा असे शहरातील नोकरदारांना वाटले, तर नवल नाही. पण दूर पश्चिमेच्या माउंट आयझा या खाणींच्या गावी नेहमीचेच घड्याळ सूर्याच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे असते. त्यात आणखी एक तास घातला, की शाळेची मुले भर उन्हात घरी निघणार. गाईला घड्याळ कळत नाही, पण दूध नेणारी गाडी घड्याळाने येते. मग गवळ्याने अंधारातच उठायचे.

१९८९ पासून तीन उन्हाळे प्रयोग करून २२ फेब्रुवारी १९९२ रोजी राज्याने सार्वमत घेतले. ५४.५ टक्के मतदारांनी नकार दिला. दाट वस्तीच्या आग्नेय कोपऱ्याचा कौल अनुकूल होता. उत्तर व पश्चिम भागांचा ठाम विरोधी. त्यानंतर उन्हाळ्यात सिडनीशी रोजचा व्यवहार असलेल्या व्यापाऱ्यांची तक्रार सुरूच राहिली, आणि तीही खोटी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियानेही १९७५, १९८४, १९९२ व २००९ अशा चार सार्वमतांत उन्हाळी वेळ नाकारली. याउलट न्यू साऊथ वेल्सने १९७६ मध्ये मतदानाने ती स्वीकारली. मात्र त्याच राज्याच्या पश्चिम टोकाचे ब्रोकन हिल हे गाव शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ पाळते, कारण त्याचे दळणवळण पूर्वापार त्या बाजूला आहे. परिणामी उन्हाळ्यात त्या देशाच्या मुख्य भूमीवर पाच वेळा नांदतात. हा गोंधळ आहे खरा. परंतु तो लोकांना विचारून झालेला गोंधळ आहे.

आपल्याकडे असे विचारण्याची रीत नव्हती. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईचे घड्याळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होते. म्हणजे माउंट आयझाच्या लोकांसारखीच मुंबईकरांची स्थिती झाली. मुंबईकरांनी विरोध केला, आणि शहराची जुनी वेळ थेट १९५५ पर्यंत वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सबंध देशाचीच घड्याळे तासभर पुढे ढकलली गेली, तीही हुकमानेच. आज आसामात सूर्य आपल्याहून खूप आधी उगवतो, पण कचेऱ्या प्रमाणवेळेनेच उघडतात. चहाच्या मळ्यांनी मात्र तासभर पुढची आपली ‘बागान वेळ’ फार पूर्वीपासून जपली आहे.

देशाला एक घड्याळ असावे, यात सोय आहे. रेल्वे, तारखाते, बँका यांना ते हवेच होते. प्रश्न एवढाच, की त्या सोयीची किंमत कोणाच्या सकाळीतून वसूल होते. शहरातल्या कारकुनाला मिळालेला संध्याकाळचा तास हा दूरच्या कोणा गवळ्याच्या झोपेतून काढलेला असतो. काटा फिरवायला क्षणही लागत नाही. म्हणूनच तो फिरवण्याआधी, ज्याला अंधारात उठावे लागणार आहे त्याचेही मत विचारावे, हे बरे.