आधी शाळा, मग प्रमाण भाषा

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८ सांगतं, की मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढेही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं, की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं. पहिलं मोडलं तर दंड आहे. दुसरं पाळलं नाही, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

ही तफावत आजची नाही. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली, तेव्हा गोंडी मुलूख आंध्र, मध्य प्रदेश, ओरिसा आणि मुंबई राज्यात वाटला गेला. कोणत्याच राज्यात गोंडी बहुसंख्यांची भाषा उरली नाही. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आणलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असं ते सांगतं. प्रयत्न किती केला, हे मात्र राज्यानेच ठरवायचं.

संख्याबळाचाही उपयोग झाला नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी गटातल्या बोली सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार, तर भिली गटातल्या बोली सांगणारे एक कोटी चार लाखांहून अधिक होते. दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. संथाळी आणि बोडो २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आत आल्या; त्यांच्यामागे झारखंडचं नवं राज्य आणि बोडो करार उभे होते. दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांची स्वतंत्र नोंद तर जनगणनेने १९७१ पासून छापणंच थांबवलं.

गोंडीत पाठ्यपुस्तकं होऊ शकत नाहीत, असं म्हणावं तर इतिहास आडवा येतो. गोंड नेता कोमरम भीमच्या १९४० मधल्या उठावानंतर हादरलेल्या निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादेत पाठवलं. १९४३ मध्ये तिथल्या मार्लवाईला गोंड शिक्षक घडवणारं केंद्र सुरू झालं आणि देवनागरीत गोंडी वाचनपाठ तयार झाले. लोकशाही नसलेल्या संस्थानाला दंग्याच्या धास्तीने जे जमलं, ते पुढच्या लोकनियुक्त सरकारांनी टिकवलं नाही.

आज खात्यांकडून येणारा आक्षेप वेगळा असतो : गोंडी गावागणिक बदलते, मग पुस्तक कोणत्या गोंडीत काढायचं? हा प्रश्न मराठीला विचारला असता तर? मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला तो मुंबई सरकारच्या आश्रयाने. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये आलं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीच्या मुलखावर प्रमाण मराठी पसरली ती शाळाखात्याच्या पुस्तकांतून. प्रमाण भाषा आधी सिद्ध करा, मग शाळा देऊ, असं मराठीला कुणी म्हणालं नव्हतं. गोंडीपुढे मात्र ही अट आहे, आणि ती पुरी करण्याचं साधन सरकारच्याच हाती आहे. लिपीची सबब तर कधीच संपली : मंगलसिंह मसराम यांची लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा युक्तिवाद साधा होता : लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा. तो आपण मुंबईसाठी मांडला, बेळगावसाठी अजून मांडतो. गडचिरोलीत तो आपल्याला उद्देशून मांडला जातो आहे. गोंडी जाणणाऱ्यांना डी.एड.ला प्रवेश, पहिल्या दोन इयत्तांची गोंडी पुस्तकं आणि ग्रामसभेच्या शाळेला मान्यतेचा सरळ मार्ग, एवढं देण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय पुरतो.